भवानीची चिमूट

त्या दुपारी वर्कशॉपमध्ये टोनरची एकशे सत्तावीस रिकामी कार्ट्रिज होती. त्यांतली ऐंशी उघडलेली, सत्तेचाळीस अजून हात न लावलेली. नव्या पावडरीच्या सहा पिशव्या, पाच शाबूत आणि एक निम्मी. कार्ट्रिजमधून ओढून काढलेल्या जुन्या पावडरीची अकरा पोती, तोंडं दोरीनं आवळलेली. ठिणगी न उडवणारा एक मोठा एक्झॉस्ट पंखा, आणि कोपऱ्यात, वायर गुंडाळून ठेवलेला एक साधा टेबलफॅन. दोन बहिणी. फळीवर, कधीच न पेटवलेल्या उदबत्तीशेजारी, एक पितळी डबा.

मोजत होती अर्पिता लोखंडे. सिमेंट कारखान्याची गाडी जुनी पावडर न्यायला येणार होती, भट्टीत कोळशाबरोबर जाळायला, आणि गाडीवाल्याच्या मोजणीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

"अर्पे, नाव लागलं," आक्का दारातून म्हणाली. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण कमल, या वर्कशॉपची मालकीण. कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातात तिनं फोन धरला होता.

"कुणाचं?"

आक्कानं फोन पुढं केला. व्हिडिओत निमसरी गावच्या चौकात माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. मध्ये कुणीतरी पत्रक धरलेलं, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत निकाल: नोंदणीकृत मालक शिवलिंग रेवणसिद्ध हिरेमठ. जुळणी ९९.६ टक्के.

अर्पितानं तो दोनदा वाचला. हिरेमठ सरांनी तिला आठवीपासून विज्ञान शिकवलं होतं.

ते पत्रक सगळ्या तालुक्याला पाठ झालं होतं. आठवडी बाजाराच्या सकाळी ते गाळ्यागाळ्यांत पडलेलं सापडलं: गावच्या टाकीत विष टाकलंय, जे पाणी प्याले त्यांनी दवाखाना गाठा. पाण्याला काही झालेलं नव्हतं. पण सगळा बाजार एकदम दवाखान्याच्या अरुंद फाटकावर जाऊन आदळला. फाटक आतल्या बाजूला उघडायचं. चौदा माणसं चेंगरून मेली, त्यांत पाच मुलं. पाइप फिटिंगचं दुकान असलेल्या हणमंत चौगुलेची नऊ वर्षांची स्वरा त्या पाचांतली एक.

नाव लागलं ते 'नाका'नं. अशाच पत्रकांनी मागं दोन शहरं पेटली, तेव्हा कायदा आला होता: विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टोनर कार्ट्रिजच्या पावडरीत तिची स्वतःची खूण हवी. खूण म्हणजे डीएनएचा एक आखूड तुकडा, प्रत्येक कार्ट्रिजसाठी वेगळ्या क्रमानं रचलेला आणि काचेच्या गोळीत बंद केलेला. गोळी इतकी बारीक, की हजार गोळ्यांची रांग लावली तरी ती केसाच्या जाडीएवढीच भरावी. प्रिंटरच्या गरम रोलरखाली पावडर वितळून कागदाला चिकटते. काच वितळत नाही. कार्ट्रिज घेताना अंगठा द्यायचा, की ती खूण तुमच्या नावावर.

वाचणं त्याहून सोपं. छापलेलं अक्षर थोडं खरवडायचं आणि फोनला जोडलेल्या डबीतल्या थेंबात टाकायचं. थेंब काच विरघळवतो आणि आतल्या तुकड्याच्या प्रती निघू लागतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. विसाव्या फेरीला दहा लाख. जी खूण ठरलेली रेघ आधी ओलांडते, तिचं नाव पडद्यावर येतं. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. लोक त्याला नाक म्हणत, कारण ते वास काढायचं. लपवाछपवी नको म्हणून ते कुणालाही वापरायची मुभा होती.

आकड्याचा अर्थ मात्र कुणी समजून घेतला नव्हता. वाचलेला क्रम नोंदीतल्या क्रमाशी किती तंतोतंत जुळतो, एवढंच तो सांगतो. कागदावर ती खूण किती होती, मूठभर की कणभर, ते सांगत नाही. गावानं ९९.६ चा अर्थ आपल्या परीनं लावला होता: म्हणजे तोच.

अर्पिताची नजर फळीवरच्या डब्यावर गेली आणि तिथंच अडकली.

वर्कशॉप सुरू झालं त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक होते हिरेमठ सर. त्यांचा प्रिंटर मोडला होता आणि कार्ट्रिज जवळजवळ भरलेलं होतं. "कमल, भवानी माझ्या हातची होऊ दे. पावडर ठेवून घे, पैसे नकोत," असं म्हणाले होते. आक्कानं ती पावडर पितळी डब्यात काढून ठेवली. तेव्हापासून नवी पिशवी फोडली की भवानीच्या डब्यातली एक चिमूट त्यात जायची, आणि नव्यातली एक चिमूट डब्यात यायची, विरजण राखावं तसं. आक्का म्हणायची, त्यानं छपाईला तेज येतं. अर्पितानं एकदा मोजून पाहिलं होतं; काही फरक पडत नव्हता. हसून तिनं तो नाद सोडून दिला होता.

पण नवी पावडर यायची ती परदेशातून, ठोक भावात, बिनखुणेची. आणि आक्काची सफाई अशी, की जुन्या कार्ट्रिजच्या पोटात पांढरा रुमाल फिरवला तर पांढराच निघायचा. आधीच्या मालकाची खूण राहायचा प्रश्नच नव्हता. राहायची ती फक्त चिमूट.

"आक्का, गावात आपण भरलेली कार्ट्रिज किती चालतात?"

"निम्मं गाव आपल्याच पावडरीवर छापतंय." आक्काच्या आवाजात रोजचा तोरा होता.

"त्या सगळ्यांत सरांची खूण हाय. दुसरी कुणाचीच न्हाई."

आक्कानं डब्याकडं पाहिलं. तोरा उतरायला वेळ लागला नाही.

"चिमूटभर गं," ती म्हणाली. "दहा किलोत चिमूटभर."

"नाकाला चिमूट काय न पोतं काय. चौकात जाऊन सांगते मी."

"काय सांगणार? आमच्या डब्यामुळं झालं? चौदा मढी उचललीत त्या लोकांनी! ती माणसं तिथनं उठतील ती हितं येतील."

"अन सरांकडं गेली असली तर?"

"सरांना पोलीस हायत."

"आणि आपल्याला?"

आक्का पुढं आली. तिनं अर्पिताचं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसंच, घट्ट. अर्पितानं हिसका दिला. आक्कानं दुसऱ्या हातानं तिच्या थोबाडीत मारली. आई गेल्यापासून तिनं अर्पितावर कधी हात उगारला नव्हता. मग अर्पितानं मनगट सोडवून घेतलं आणि स्कूटर काढली. मनगटावर पाच काळी बोटं उमटली होती.

सरांच्या घराचं दार बिजागऱ्यांसकट अंगणात पडलं होतं. त्यावरून माणसं आतबाहेर करत होती. खिडकीतून पुस्तकं, भिंग, तराजू, बाटल्या भिरकावल्या जात होत्या. मंगलाकाकू, सरांची बायको, तुळशीकट्ट्याशी खाली बसलेली. दोन बायकांनी तिचे खांदे दाबून धरले होते. तिच्याच आळीतल्या बायका.

सर ओट्यावर गुडघ्यांवर होते. चष्मा एका कानाला लोंबत होता. उजव्या हाताची बोटं भलत्याच दिशांना वाकलेली. समोर हणमंत, हातात पाइपाचा पाना.

"शिकवा की सर! आज कुठला धडा घेताय?" मागून कुणीतरी ओरडलं आणि काही लोक हसले.

"हणमंता," सर म्हणाले, "माझा प्रिंटर कित्येक वर्षं बंद आहे रे. भंगारात गेला."

"मग भुतानं छापलं व्हय?" पाना खाली आला. तो खांद्यावर बसला. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि सर कुशीवर पडले. एका पोरगेल्या माणसानं त्यांच्या पोटात लाथ घातली. ते ओरडले नाहीत; श्वासच उरला नव्हता.

"हणमंतदादा!" अर्पिता गर्दीत घुसली. कुणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि ओठ फुटला. "खूण आमच्या वर्कशॉपातली हाय! सरांची पावडर आम्ही सगळ्या कार्ट्रिजांत मिसळतो! गावात काहीपण छापलेलं वाचा, सरांचंच नाव येतं!"

"कोण गं तू? वकील?"

"कमलाक्काची बहीण हाय ती," कुणीतरी म्हणालं.

हणमंतनं पाना खाली केला नाही. पण तो थांबला. अर्पिताला त्याच्या शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद दिसला. काय आहे ते तिला ठाऊक होतं. घरोघर वाटलं गेलं होतं. स्वराचा फोटो आणि खाली दशक्रियेची वेळ.

"ते वाचा," ती म्हणाली.

"त्याला हात लावलास तर हात तोडीन."

"मी न्हाई लावत. तुम्हीच वाचा. दादा, तुमच्या हातानं वाचा."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं कागद काढला, उलगडला आणि फोटोपासून सगळ्यात लांबचा कोपरा नखानं खरवडला. नाकाचं यंत्र घेऊन आलेल्या पोरानं डबी पुढं केली. डबीत प्रती निघत होत्या. सर जमिनीवर शिटीसारखा श्वास घेत होते.

पडद्यावर नाव आलं. शिवलिंग रेवणसिद्ध हिरेमठ. जुळणी ९९.६ टक्के.

"बघा! बघा!" मागून आवाज आला. "पोरीच्या कागदातपण ह्याचाच हात!"

गर्दी पुन्हा उसळली. अर्पितानं केलं होतं ते प्रात्यक्षिक. त्यांना दिसला होता पुरावा. पण हणमंतचा चेहरा बदलला होता. तो कागद त्यानं स्वतः छापून आणला होता, ग्रामपंचायतीशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून. सर तिथं नव्हते, हे त्याला माहीत होतं.

"थांबा रं!" तो ओरडला. "डबा कुठाय म्हणालीस?"

"वर्कशॉपात. फळीवर."

"खोटं निघालं तर दोघांनाबी तिथंच गाडीन."

त्यांनी सरांना टेम्पोत टाकलं, पोतं टाकावं तसं. अर्पितानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या कानातून रक्त येत होतं.

"किती आहे ते मोजा म्हणावं," सर पुटपुटले. "कोण आहे ते नाही. कितव्या फेरीला रेघ ओलांडली, ते बघितलं की मुळात किती होती ते कळतं. उशिरा ओलांडली तर थोडी."

"व्हय सर. बोलू नका."

वर्कशॉपचं शटर अर्धं उघडं होतं. आक्का आत उभी होती, ओल्या हातांनी. फळीवरचा डबा लख्ख घासलेला होता, चिंचेनं घासून पुसून ठेवलेल्या देवाच्या भांड्यासारखा. हणमंतनं झाकण उघडलं आणि डबा उलटा केला. आतून पाण्याचा एक थेंब पडला.

कुणीतरी पहिली शिवी दिली. मग सगळ्यांनीच दिल्या. एकानं काठीनं स्विचबोर्डवर घाव घातला. मोठा पंखा गुरगुरत थांबला. दुसऱ्यानं अर्पिताची वेणी धरून तिला पोत्यांवर ढकललं. दोघांनी सरांना ओढत आत आणलं आणि आक्काच्या पायाशी टाकलं.

आक्कानं त्यांच्याकडं पाहिलं. भवानीला आलेला चेहरा त्यात कुठं शोधावा, तेही कळू नये असं त्या तोंडाचं झालं होतं.

"मी ओतली," ती म्हणाली.

"काय?"

"डब्यातली पावडर. मी ओतली, डबा धुतला. बहीण खरं सांगतीया. सरांनी काय केलं न्हाई. जे केलं ते मी केलं."

"कुठं ओतली?"

"पोत्यात. ह्यातल्याच एका."

"कुठल्या?"

आक्कानं तोंड उघडलं, पण तोवर चाकू निघाले होते. पहिलं पोतं उभं फाटलं, मग दुसरं. माणसं हात घालून पावडर उपसू लागली, नाकवाल्याच्या डबीत कोंबू लागली. काही नुसती राग म्हणून पोती लाथाडत होती, उचलून आपटत होती. टोनरची पावडर पिठाहून बारीक असते. एकदा हवेत चढली की खाली बसायचं नाव घेत नाही. बघता बघता खोली राखाडी झाली, मग काळी. ट्यूब धुक्यातल्या दिव्यासारखी मिणमिणू लागली. माणसं खोकत होती, डोळे चोळत होती, तरी पोती फाडत होती.

अर्पिताला आठवीचा वर्ग आठवला. सरांनी पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती लावली होती, नळीतून चमचाभर गव्हाचं पीठ फुंकलं होतं, आणि डब्याचं झाकण छताला जाऊन आदळलं होतं. सगळा वर्ग टाळ्या पिटत होता. सर म्हणाले होते, ढीग पेटला तर जळतो. तोच हवेत उधळला, की प्रत्येक कणाला स्वतःची हवा मिळते आणि सगळे एका दमात पेटतात. टोनर म्हणजे तर निम्म्याहून जास्त प्लॅस्टिक.

"बाहेर व्हा!" ती किंचाळली. "काय लावू नका! बटणाला हात लावू नका!"

"दम कोंडतोय," काळ्या धुरळ्यात कुणीतरी म्हणालं. "पंखा लावा रं! ह्यो बघ, हितं हाय पंखा!"

"नको!" हा आवाज सरांचा होता, आणि तो वर्गातला आवाज होता. पन्नास पोरांना एका शब्दात गप्प करणारा. "खाली बसा सगळे! खाली!"

काहीजण खरोखरच बसले. सवयीनं. त्यातले बहुतेक त्यांचेच विद्यार्थी होते. सरांनी धड राहिलेल्या डाव्या हातानं अर्पिताचा पाय धरून तिला लोखंडी टेबलाखाली ओढलं आणि स्वतः टेबलाच्या उघड्या बाजूला आडवे झाले. कोपऱ्यात कुणीतरी टेबलफॅनची पिन भिंतीतल्या जुन्या सॉकेटमध्ये घुसवली.

आवाज तिला ऐकू आला नाही. आधी उजेड आला, पिवळा, सगळ्या बाजूंनी एकदम. मग छातीवर हातोडा बसल्यासारखं झालं. शटर कागदासारखं फुगून रस्त्यावर उडालं. पत्रे वर गेले. पहिल्या धक्क्यानं छतावरची, फळ्यांवरची, सगळीकडची बसलेली पावडर खाली झटकली आणि ती दुसऱ्यांदा पेटली. ती पहिल्याहून मोठी होती.

त्यानंतर आकाश दिसत होतं. काळा बर्फ पडावा तसे कण खाली येत होते. कुणीतरी एकाच सुरात आईला हाका मारत होतं. अर्पिताच्या अंगावर सर होते. त्यांच्या पाठीचा शर्ट कातडीला वितळून चिकटला होता. तिनं त्यांना हाक मारली, मग हलवलं, मग तसाच हात ठेवून ती पडून राहिली.

जिल्हा रुग्णालयाच्या जळीत विभागात आक्काला खिडकीजवळची खाट मिळाली. धक्क्यानं ती शटरसकट रस्त्यावर फेकली गेली होती, म्हणून वाचली. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, पांढरे. अर्पितानं तिचे हात इतके पांढरे कधी पाहिले नव्हते.

"पोलिसांना सगळं सांगितलंस?" आक्कानं विचारलं.

"सगळं."

"माझं नाव?"

"तेबी."

"डबा मी धुतला, हे?"

अर्पितानं मान डोलावली. आक्का भिंतीकडं तोंड करून झोपली. मग तशीच म्हणाली, "थोबाडीत लय जोरात लागली का गं?"

"न्हाई," अर्पिता म्हणाली.

वर्कशॉपमध्ये सर धरून सात माणसं मेली होती. पत्रक कुणी छापलं, ते अजून कळलं नव्हतं. फौजदार वैशाली घाडगे जबाब घ्यायला आल्या, तेव्हा अर्पितानं एकच मागणी लावून धरली: नाकाचं नको, प्रयोगशाळेत पाठवा, आणि किती आहे ते मोजायला सांगा. तिनं नमुनेही सांगितले. पहिल्या दोन कागदांवर बाईंनी काही विचारलं नाही. तिसऱ्यावर थबकल्या.

"हा कशाला?"

"तो ह्याच दवाखान्यात छापलाय," अर्पिता म्हणाली. "इथली कार्ट्रिज आम्हीच भरतो."

अहवाल घेऊन घाडगेबाई पुन्हा आल्या, तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर हणमंत चौगुले बसला होता. डोळ्यांवर पट्टी, ओठांच्या जागी खपल्या. दोन डोळ्यांपैकी एक येईल, असं डॉक्टर म्हणत होते. पावलं ओळखून त्यानं मान वर केली.

"मॅडम, आलं का ते?"

"आलंय."

"अर्पिता हाय का हितं?"

"आहे मी," अर्पिता म्हणाली. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये एका माणसाची जागा होती.

"मोठ्यानं वाचा," हणमंत म्हणाला.

घाडगेबाईंनी कागद उलगडला. एकदा दोघांकडं पाहिलं आणि वाचू लागल्या.

"खूण: शिवलिंग रेवणसिद्ध हिरेमठ. एकूण पावडरीतलं प्रमाण. नमुना एक, बाजारातलं पत्रक: ०.०१ टक्के. नमुना दोन, कुमारी स्वरा हणमंत चौगुले हिच्या दशक्रियेचा कागद: ०.०१ टक्के. नमुना तीन, शिवलिंग रेवणसिद्ध हिरेमठ यांचा मृत्यूचा दाखला: ०.०१ टक्के."